जिवंत असेपर्यंतची वॉरंटी

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटली नाही तर माझं त्याच्याशी भांडण नाही. मी फक्त जे घडलं ते सांगतो.

माझा मावसभाऊ तिबेरियू, आम्ही त्याला तिबी म्हणतो. डॅन्यूबच्या काठी, आमच्या कालाफात गावात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दर रविवारी तो चर्चमध्ये गातो. त्याच्या गळ्यातून देवाचं नाव निघालं की भिंतीला टेकून डुलक्या घेणारे म्हातारेसुद्धा ताठ उभे राहतात. माझ्यासारख्या माणसाचा आठवडा त्या एका आवाजावर निघतो.

असा माणूस खोटं बोलत नाही.

आणि त्याच्या मानेवर आज मुठीची खूण आहे.

ईस्टरच्या मोठ्या उपासाच्या आधीचा मृतांचा शनिवार होता. बायका उकडलेल्या गव्हाची भांडी, मेणबत्त्या घेऊन चर्चकडे निघाल्या होत्या. ऊन पडलं होतं. रात्र नव्हती, वादळ नव्हतं, काही नव्हतं. भर सकाळी घडलं सगळं.

पण सुरुवात त्याच्याही वर्षभर आधीची.

आमच्याच गल्लीतली लिओंतिना एक सीपीयू ढकलगाडीत घालून दुकानात आली होती. सोबत तिची लेक मिरेला. घरात दोघीच. मिरेला घरी बसून दवाखान्यांची कागदपत्रं टाईप करायची, त्यावर त्यांची चूल चालायची.

"तिबीभाऊ, काल वॉरंटी संपली आणि आज हा मेला," लिओंतिना म्हणाली.

"कंपनीवाले आत घड्याळ बसवतात, ताई. तारीख उलटली की ते हाक मारतं, चल रे, झोप आता."

"हसू नका हो. पोरीचं काम अडलंय."

गल्ल्यावर बसलेली तिबीची बायको रोदिका म्हणाली, "तो हसतोच. माझी इस्त्री गेल्या नाताळपासून बंद पडलीय, तिच्याकडे बघूनही हसतो."

तिबीने झाकण काढलं. पॉवर सप्लाय जळला असणार, असं त्याला वाटलं होतं.

जळका वास नव्हता.

तारा उपटलेल्या होत्या...

मुळासकट. कुणीतरी केस मुठीत धरून उपटावेत, तशा.

त्याने पत्र्याचं झाकण उजेडात धरलं. पत्रा फुगला होता. आतून बाहेर. चार उंचवटे, एका ओळीत... बोटांच्या पेरांसारखे.

"उंदीर असेल," रोदिका म्हणाली.

"उंदराला मूठ असते का गं?"

यावर कुणी हसलं नाही. लिओंतिना जमिनीकडे बघत होती. तिबीने नवा पॉवर सप्लाय बसवला. वर्षाची वॉरंटी, असं सांगितलं. सीपीयू चालू झाला.

वर्षभर एक तक्रार नाही.

आणि मग तो शनिवार.

दुकान उघडून तिबी कोट घालत होता. चर्चमध्ये मृतांसाठीची प्रार्थना त्यालाच गायची होती. दारात ढकलगाडी थांबली. मागे मिरेला उभी होती. तिचा हात फडक्यात गुंडाळलेला, फडकं लाल.

"वर्ष काल संपलं," लिओंतिना म्हणाली.

रोदिकाने पोरीला बसवलं. फडकं सोडलं. दोन बोटं मागच्या बाजूला वळली होती.

"हे कसं झालं बाळा?"

"टाईप करत होते," मिरेला म्हणाली. "स्क्रीन गेली. आणि मग कुणीतरी... बोटं धरली."

तिबीने झाकण काढलं. रॅमच्या दोन्ही पट्ट्या मधोमध मोडलेल्या होत्या. वाळलेल्या पावासारख्या. झाकणावर आतून आणखी उंचवटे. आता ते मोजायला बसावं असं कुणालाच वाटलं नसतं.

"ताई," तिबी सावकाश म्हणाला, "हे मशीन कुणाचं?"

लिओंतिनाने ढकलगाडीचा दांडा घट्ट धरला.

"जेलूचं," ती म्हणाली.

जेलू तिचा नवरा. आमच्या गल्लीत त्याला न ओळखणारा माणूस नव्हता, कारण त्याचा आवाज गल्लीभर जायचा. बायकोचा जबडा त्याने एकदा मोडला होता. लेकीची बोटंही. हीच दोन. हे मशीन त्याने घेतलं आणि थोड्याच दिवसांत, दारूच्या नशेत, ट्रकच्या टपावरून पडून मेला. तेवढे दिवस दिवसरात्र मशीनसमोर बसून खेळ खेळायचा. हरला की मशीनला ठोसा. मग बायकोला.

आमच्याकडे माणूस गेला की चाळिसाव्या दिवशी त्याच्या वस्तू दान करतात. कोट, बूट, अंथरूण, ताट, चमचा, जे जे त्याला लागायचं ते सगळं. घेणारा म्हणतो, देव त्याला क्षमा करो. तेवढं बोललं की ती वस्तू तिकडे त्याला पोचते.

"सगळं दिलं मी," लिओंतिना म्हणाली. "दाढीचा ब्रशसुद्धा दिला. हे तेवढं ठेवलं. वॉरंटीत होतं, तिबीभाऊ. नवंकोरं होतं. पोरीला काम मिळेल म्हटलं. मेलेल्या माणसाला कॉम्प्युटर काय करायचाय?"

"त्याला दुसरं काय हवं होतं आयुष्यात?" रोदिका म्हणाली. वाईट हेतूने नाही. तोंडातून निघून गेलं.

"नंतर दिला ना. पहिल्यांदा बिघडला त्यानंतर दिला. बंदरावरच्या एका हमालाला. त्याने क्षमा करो म्हटलं, घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी दारात आणून ठेवला. त्याचा एक डोळा बंद, ओठ फुटलेला. काय झालं विचारलं तर बोलेना. वेळेवर दिलं नाही, आता जेलू ते घेत नाही."

"मग फोडून टाकू," तिबी म्हणाला. "हातोडा आहे माझ्याकडे."

"फोडून?" मिरेला पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "काका, बाबा स्वतःच वस्तू फोडायचे. आणि मग फुटली का म्हणून आम्हाला मारायचे. मशीन बंद पडलं की त्याचा राग कुणावर निघतो ते बघताय ना तुम्ही?"

तिने हात पुढे केला. तिबीला त्या हाताकडे बघवेना.

"पण मग तुमच्या घरात वर्षभर गप्प का होता?" त्याने विचारलं. "आणि त्याआधी, पहिली वॉरंटी होती तोवर?"

लिओंतिना हळूच म्हणाली, "जिवंतपणीही असाच होता. माझा भाऊ राहायला आला की मांजर व्हायचा. ताटं उचलायचा, हसायचा. भावाची बस सुटली की दाराला कडी. माझ्यामागे कुणी उभं आहे एवढं कळलं की हात उचलायचा नाही. कुणी उभं नसलं, त्या हमालासारखं, की..."

तिने मिरेलाच्या हाताकडे बघितलं.

बाहेर चर्चची घंटा सुरू झाली होती.

तिबीने कोट काढून खुर्चीवर टाकला. कपाटातून रॅमच्या नव्या पट्ट्या काढल्या. एकेक पट्टी बसवत तो बोलत होता, जसा नेहमी बोलतो, अर्धा स्वतःशी, अर्धा देवाशी. "म्हणजे मागे कुणीतरी उभं हवं. एवढंच ना? मग तारीख कशाला घालायची? तारीख घातली की तो वाट बघत बसणार. ताई, हे मशीन माझ्या हमीवर. मी जिवंत असेपर्यंत. झालं."

त्याने भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे बघून हे सांगितलं. मनापासून सांगितलं.

रोदिकाच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"काय बोललास तू?" ती म्हणाली. "जिवंत असेपर्यंत? म्हणजे तू गेलास की हमी संपली?"

तिबीला अजून कळलं नव्हतं. तो हसत होता. त्याचा उजवा हात सीपीयूच्या आत होता.

वायर लावलेली नव्हती...

तरी पंखा फिरला.

आधी हळू. मग वेगात.

तिबीने हात मागे घेतला. हात आला नाही.

आत काहीतरी मनगट धरून होतं. थंड. जाड बोटं. मग एक हिसका बसला आणि कोपरापर्यंत हात आत गेला. त्या डब्यात तेवढी जागाच नाही. पत्र्याच्या कडेने कातडी सोलली. रक्त मदरबोर्डवर सांडलं. दुसरा हिसका. त्याचा चेहरा डब्यावर आपटला, नाक फुटलं.

रोदिकाने त्याला कमरेला धरून मागे ओढलं. लिओंतिनाने खांदा धरला. दोघी ओढत होत्या आणि तो इंचभरही हलत नव्हता.

मग मानेवर दुसरा हात आला.

कुणालाच दिसला नाही. पण मानेचं मांस दबताना दिसलं...

एक, दोन, तीन, चार. आणि समोरून अंगठा.

तिबी सांगतो, तेव्हा कानाशी श्वास होता. आलुबुखाराच्या दारूचा वास. शब्द एकही नाही. पण एक गोष्ट त्याला लगेच उमगली. "नाही, हमी नाही," असं म्हणायला तो तोंड उघडायचा आणि पकड सैल व्हायची. श्वास आत यायचा. थांबला की पुन्हा आवळायची.

एवढंच हवं होतं त्याला. एक शब्द मागे घेतला की सुटका.

डोळ्यांपुढे अंधार येत होता. त्या अंधारात त्याला मिरेलाची बोटं दिसत होती. मागे वळलेली.

तो गायला लागला.

चर्चमध्ये त्या वेळी जी प्रार्थना त्याने गायला हवी होती, तीच. मेलेल्यांना विसावा मिळो म्हणणारी. आवाज कसला, घशात अडकलेली घरघर. पकड आवळली. एक ओळ झाली. डब्यात अडकलेल्या हातात काहीतरी मोडलं, बाहेर आवाज ऐकू आला. दुसरी ओळ. त्याचे ओठ निळे पडले तरी हलत होते. जेलूसाठीच गात होता तो. ज्याने गळा धरला होता त्याच्याच शांतीसाठी. हे मला आठवलं की आजही माझे हात जोडले जातात.

तेव्हा लिओंतिनाने त्याचा खांदा सोडला.

ती डब्यासमोर आली. आयुष्यात या बाईने आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही.

"जेलू," ती म्हणाली. "माझीही हमी. मी जिवंत असेपर्यंत."

पंखा अडखळला...

"माझीपण," रोदिका नवऱ्याला घट्ट धरून ओरडली. "आधी मला उचल, मेल्या, आणि मग माझ्या माणसाला हात लाव."

मिरेलाने तो मोडलेला हात उचलला आणि पत्र्याच्या फुगलेल्या जागेवर ठेवला. "बाबा, माझीपण आहे," ती म्हणाली. "बघा किती जण आहोत."

एकदम सगळं सुटलं. तिबी आणि रोदिका मागे काचेच्या कपाटावर कोसळले. काच फुटली. पंखा थांबला. दुकानात फक्त चौघांचे श्वास, आणि रस्त्यापलीकडून येणारं चर्चमधलं गाणं. तिबीशिवायच सुरू झालं होतं ते, बेसूर.

दवाखान्यात त्यांनी सांगितलं, कपाट अंगावर पडलं. डॉक्टरने मानेकडे बघितलं, मग तिबीकडे, आणि तेच लिहून घेतलं. पाद्री युस्तिन घरी आले. सगळं ऐकून घेतलं, पाणी शिंपडलं, आणि जाताना एवढंच म्हणाले, "शब्द दिलाय तर जपा."

मशीन चालू आहे. मिरेला त्यावर काम करते. तिची बोटं जुळली. त्यानंतर आजपर्यंत त्या डब्यातला एक स्क्रूसुद्धा सैल झालेला नाही. तिबीच्या उजव्या हाताची मूठ मिटत नाही, पण तो गातो. पूर्वीपेक्षा चांगला गातो.

इथे संपवावी, असं मला फार वाटत होतं.

पण गेल्या महिन्यात रोदिका गेली.

तळघरात लोणच्याची बरणी आणायला उतरली होती. वीस वर्षं ज्या पायऱ्या ती अंधारात उतरायची, त्यांवरून भर दुपारी पडली. मान मोडली. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. वय झालं होतं, पायऱ्या ओल्या होत्या, असं होतं.

पायऱ्या कोरड्या होत्या. तिला उचलायला मीच खाली गेलो होतो.

दफनानंतर जेवणाच्या टेबलावर लिओंतिना माझ्या शेजारी बसली होती. चमचा तिने हातात घेतला आणि तसाच ठेवला.

"आता आम्ही तिघं उरलो," ती म्हणाली.

मिरेला समोर बसली होती. तिची बोटं पावाचा तुकडा कुस्करत होती. कोवळी पोर आहे हो. मला राहवलं नाही. मी वाकून लिओंतिनाच्या कानात म्हटलं, "माझीही धरा. मी जिवंत असेपर्यंत."

तिने माझा हात दाबला. रडली.

मला पश्चात्ताप नाही. देवासमोर सांगतो, नाही. फक्त तेव्हापासून मी जिना उतरताना कठडा सोडत नाही. माझी बायको हसते. म्हणते, म्हातारा झालास.

तिला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. सूप गार होईपर्यंत ती ऐकत राहिली. डोळे पुसले. मग माझ्यासारखीच, मनाची मऊ बाई ती, म्हणाली, "एवढंच ना? मग त्या पोरीसाठी माझीपण..."

मी उठून तिच्या तोंडावर हात दाबला.

पण अर्धं वाक्य बाहेर पडलं होतं.