पाणमोतीचे दाते

टेबलावर सात भिंगं ओळीनं मांडली होती आणि वत्सला खराडे त्यांतलं सर्वांत हलकं उचलून पिशवीत टाकत होती.

"ठेव ते खाली," फ्रान्सिस डाबरे म्हणाला.

"नव्वद ग्रॅमचं आहे. आधी माझे गुडघे बघ आणि मग बोल."

पुण्यातल्या त्या प्रकाशशास्त्र प्रयोगशाळेत फ्रान्सिस तीस वर्षं भिंगं घडवत होता. कॉलेजात दोघं एका वर्गात होती. पुढे ती फुलांच्या मागे लागली आणि तो काचेच्या. दोघांनाही आपापल्या क्षेत्रात मान होता, आणि मान मिळालेली माणसं चुकली की किती लांबवर चुकतात याचा अनुभव दोघांनाही अजून यायचा होता.

"निघालीस कुठे?"

"आंबेखिंडीच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर. बारा दिवसांनी सुनावणी आहे. सडा बॉक्साइटच्या खाणीला द्यायचा की नाही, ते ठरणार. जगात दुसरीकडे कुठेही नाही अशी एक जरी वनस्पती तिथे सापडली तर खाण थांबते. माझं चौदा वर्षांचं सर्वेक्षण सांगतं की तसं तिथे काही नाही."

"मग आता काय शोधायला चाललीस?"

वत्सला खुर्चीवर बसली. "तिथल्या धनगरवाड्यावर सगुणा झोरे म्हणून एक बाई आहे. ती चौदा वर्षं मला एकच गोष्ट सांगतेय. सड्याच्या दक्षिण कडेला जी पाणमोती फुलते ती वेगळी आहे म्हणे. पाणमोती म्हणजे हरभऱ्याएवढं पांढरं फूल, कातळावरच्या पाणथळीत येतं. चाळीस सड्यांवर सापडतं. त्याच्या खालच्या पाकळीला तीन दाते असतात. सगुणाबाई म्हणते, कडेच्या फुलाला पाच आहेत, आणि तिच्या म्हशी बाकीची पाणमोती खातात पण कडेच्या फुलाला तोंड लावत नाहीत. मी दरवर्षी फोटो काढते, मोठा करून बघते. दाते तीनच."

"फोटो कुठल्या भिंगानं काढतेस?"

वत्सलानं हातातलं नव्वद ग्रॅमचं भिंग वर धरलं. फ्रान्सिस हसला, पण ते हसणं ऐकायला बरं नव्हतं.

"हे पूर्तिभिंग. माझंच पोर आहे, म्हणून सांगतो. एवढ्याशा चकतीतून प्रकाश कितीसा शिरणार? खऱ्या काचेच्या दहावा हिस्सा. तरी फोटो सुरेख येतो, कारण उरलेले नऊ हिस्से ते आठवणीतून भरतं. कोट्यवधी चित्रांची स्मृती आहे त्याच्या मागे. समोर ओला कातळ, सप्टेंबर महिना, पांढरं बारीक फूल. ते म्हणतं, ही पाणमोती. पाणमोतीला दाते तीन. म्हणून तीन काढतं."

"आणि प्रत्यक्षात पाच असले तर?"

"तेवढ्या जागेपुरती त्याला शंका येते. शंका आली की जे जास्त वेळा पाहिलंय त्याच्या बाजूनं ते कौल देतं. आता तू मला सांग, पाणमोती त्याला शिकवली कुणी?"

वत्सलानंच. स्मृतीतले पाणमोतीचे अकरा हजार फोटो तिचे होते. दरवर्षी भिंग तिला तिनंच शिकवलेलं दाखवत होतं, आणि दरवर्षी ती ते पुन्हा त्याला शिकवत होती.

"एखादं फूल तोडून, सुकवून ठेवलं असशीलच ना?"

"तोडायचं नाही. नियम आहे."

नियमही तिचाच होता. संशोधक मंडळी नमुन्यांच्या नावाखाली सडे ओरबाडत होती, म्हणून तिनंच सरकारदरबारी खेटे घालून तो करून घेतला होता. सड्यावरचं पानसुद्धा न्यायचं नाही, पाणथळीत पाय टाकायचा नाही, दोन हात लांबून फोटो काढायचा आणि ओळख त्या फोटोवरून पटवायची. पान न्यायची परवानगी तीन महिन्यांनी मिळे, आणि विनापरवाना आणलेला पुरावा कुणी ग्राह्य धरत नसे. या नियमाचा तिला त्या सकाळपर्यंत फार अभिमान होता.

फ्रान्सिसनं मग स्वतःच पिशवी भरायला घेतली. जुन्या काचेचं, बारीक वस्तू जवळून टिपणारं शंभर मिलिमीटरचं मॅक्रो भिंग, जे भरत काही नाही, जे येईल तेवढंच देतं. जागा ओळखू यावी म्हणून एक रुंद भिंग. स्मृती नसलेला साधा कॅमेरा. झूम त्यानं बाजूला सारलं. पिशवी साडेचार किलोंची झाली.

"हे उचलणार कोण?" वत्सलानं विचारलं.

"मी येतोय," तो म्हणाला. "पोर माझं आहे म्हटलं ना."

सड्यावर सगुणाबाई त्यांची वाट पाहत उभी होती. साठी ओलांडलेली, उन्हानं रापलेली, आणि बोलायला एकदम सडेतोड.

"आलासा व्हय परत? बरं झालं. ह्या खेपंला तरी नीट बगा."

कडेच्या पाणथळीपाशी ती उकिडवी बसली आणि एका फुलाकडे तिनं बोट केलं. "मोजा. येक, दोन, तीन, चार, पाच. ह्यात अवगड काय हाय?"

फ्रान्सिस कातळावर पालथा पडला आणि त्यानं काचेच्या भिंगातून फोटो घेतला. कॅमेऱ्याच्या पडद्याकडे तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "पाच."

वत्सलानं घाईनं कॅमेरा ओढून घेतला. पडद्यावर स्वच्छ फूल होतं आणि त्याला तीन दाते होते. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडून ती पाणथळीत उतरली आणि फुलाजवळ डोळे नेले. तीन.

"थट्टा करताय का माझी दोघं मिळून?" तिचा आवाज चढला. "खाण थांबावी असं मलाही वाटतं, पण नसलेले दाते मी कसे मोजू?"

"वत्सला," फ्रान्सिसनं सावकाश विचारलं, "मोतीबिंदूचं ऑपरेशन केलंस ना तू?"

"चार वर्षांपूर्वी. दोन्ही डोळ्यांचं. सरकारी योजनेत सगळ्यांचंच होतं."

तो उठून बसला. त्यानं स्वतःचं ऑपरेशन अजून करून घेतलं नव्हतं. "त्या योजनेत डोळ्यात जे भिंग बसवतात ते पूर्तिभिंगच आहे. म्हाताऱ्या डोळ्याला प्रकाश कमी पडतो, म्हणून आम्ही ते दिलं. उशीखालच्या चकतीतून दर रविवारी त्याची स्मृती ताजी होते."

वत्सलाला रडू आलं. पिशवीतलं भिंग बदलता आलं होतं. डोळ्यातलं कसं बदलणार?

"माजंबी करायला आलते शिबिरवाले," सगुणाबाई म्हणाली. "म्या न्हाई म्हनलं. दिसतंय तंवर कशाला?"

परतीच्या वाटेवर फ्रान्सिसनं हिशेब मांडला. सुनावणीच्या समितीत पाच सदस्य, पाचही साठीच्या पुढचे. काचेच्या भिंगाचा कितीही चांगला फोटो त्यांच्या हातात दिला तरी पाचही जण तीनच दाते मोजणार. तेव्हा फोटो पुरेसा नाही, स्मृती बदलायला हवी. भिंगांची स्मृती सांभाळणाऱ्या स्मृतिमंडळाकडे दोन प्रकारचे अर्ज चालत. नवी नोंद करायची तर त्या वनस्पतीला मान्यताप्राप्त नाव लागे, आणि नाव मान्य करणार तीच समिती, सुनावणीनंतर. दुसरा अर्ज दुरुस्तीचा. जुन्या नोंदीत चूक असेल तर त्या वनस्पतीच्या मान्य तज्ज्ञानं सही करायची. ती एक सही लाखो फोटोंना भारी पडे आणि आठवड्यात अमलात येई. पाणमोतीची मान्य तज्ज्ञ देशात एकच होती.

"आधी त्यांना पाच दिसू तरी देत," फ्रान्सिस म्हणाला. "वेगळेपणाचं मग बोलू."

वत्सलानं काचेच्या भिंगाचे सगळे फोटो जोडले आणि दुरुस्तीच्या अर्जावर सही केली. पुढे काय होणार हे त्या वेळी दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, आणि दोघंही हुशार म्हणून प्रसिद्ध होती.

सोमवारी सकाळी तिनं फोटो उघडला. फुलाला पाच दाते होते. तिनं दोनदा, तीनदा मोजले, आणि फ्रान्सिसला फोन लावून नुसतीच हसत राहिली.

सुनावणीत तो फोटो समितीत हातोहात फिरला. अध्यक्ष श्री. शिर्सेकर निवृत्त वनाधिकारी होते, माणूस सज्जन. त्यांनी चष्मा पुसून फोटो पाहिला.

"पाच. अगदी स्पष्ट. खराडेबाई, तुमचं अभिनंदन."

मागच्या बाकावर सगुणाबाईनं पदरानं तोंड पुसलं. चौदा वर्षांनी कुणीतरी तिचं खरं मानलं होतं.

"आता तुलनेसाठी बाकीच्या सड्यांवरची पाणमोती बघू," शिर्सेकर म्हणाले. "तुमच्याच सर्वेक्षणातली."

भिंतीवर फोटो येऊ लागले. पहिल्या सड्यावरची पाणमोती, दुसऱ्या, तिसऱ्या.

"हिलाही पाचच आहेत," एक सदस्य म्हणाले.

"हिलाही. आणि हिलाही."

वत्सला बघत होती. चाळीस सड्यांवरची पाणमोती, आणि प्रत्येक फुलाला पाच दाते. तिनं स्मृतीत नवं फूल घातलंच नव्हतं. तिनं जुन्या फुलाला पाच दाते लावले होते.

फ्रान्सिस उठून उभा राहिला. "साहेब, या फोटोंत तीन आहेत! मला दिसताहेत. तुमच्या डोळ्यांतलं भिंग..."

"डाबरेसाहेब," शिर्सेकरांनी फाइलमधून एक कागद काढला, "या भिंगाच्या अचूकतेचं प्रमाणपत्र आहे. दहा हजारांत जेमतेम एक चूक. सही तुमची."

सही त्याचीच होती. भिंग बसवलेल्या माणसांना तेव्हा फोटो दाखवून चाचणी घेतली होती, आणि ते फोटो पूर्तिभिंगानं काढलेले होते. दोन्हीकडे एकच स्मृती, मग जुळणारच. फ्रान्सिस खाली बसला.

"त्या समद्या तीनाच्याच हायत!" सगुणाबाई मागून ओरडली. "पाचाची फकस्त आमच्या कडंला!"

"बाई," शिर्सेकर मायेनं म्हणाले, "पाच म्हणून तुम्हीच सांगत होता ना? आम्ही ते मान्य केलंय. आता तीन कसे म्हणता?" मग ते वत्सलाकडे वळले. "खराडेबाई, तुम्ही तज्ज्ञ. भिंतीवरच्या फुलांना तुम्हाला किती दाते दिसतात?"

"पाच दिसतात. पण..."

"आणि हा तुमचा अर्ज." त्यांनी वाचून दाखवलं, "'पाणमोतीच्या पाकळीला तीन नव्हे, पाच दाते असतात. आधीची नोंद माझ्या चुकीमुळे.' बरोबर?"

"बरोबर," वत्सला म्हणाली. तिचं मघाचं "पण" नोंदलं गेलं नाही.

आंबेखिंडीची पाणमोती चाळीस सड्यांवर सापडणारी सामान्य वनस्पती असल्याचा निर्णय चार वाजायच्या आत झाला. दुरुस्तीची दुरुस्ती करायला नव्वद दिवसांची मुदत असते, कारण तज्ज्ञानं वरचेवर मत बदलू नये असा नियम आहे. खाणीची यंत्रं नवव्या दिवशी सड्यावर चढली.

त्याच्या आदल्या दिवशी वत्सला तिथे गेली. आता परवानगीची वाट न बघता ती कडेच्या पाणथळीत गुडघ्यांवर बसली आणि तिनं फुलं मुळासकट उपटून कागदांत ठेवायला सुरुवात केली. कुणी ग्राह्य धरणार नव्हतं, तरी ती ठेवत गेली. पण या फुलांबरोबर सड्याच्या मधली साधी पाणमोतीही तिनं आणली होती, आणि कागदांवर लिहायची वेळ आली तेव्हा तिचा हात थांबला. समोर दोन फुलं होती. तिला दोन्ही सारखीच दिसत होती.

सगुणाबाई जवळच म्हशी राखत बसली होती. सुनावणीपासून ती फारसं बोलली नव्हती. वत्सलानं दोन्ही फुलं तळहातावर घेऊन तिच्यापुढे धरली.

"सगुणाबाई, कुठल्याला किती आहेत ते सांगता? मी लिहून घेते."

सगुणाबाईनं फुलांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुमी म्हनाल तेवढं, बाई," ती म्हणाली, आणि उठून म्हशींना वाड्याकडे हाकू लागली.