हिरवळ बघायला आलोय

"ऊन गेलं उडत! माझी हिरवळ सुकली, तर मिशी चिकटवून भादरून घेईन!"

असं मी ताईला सगळ्या घरासमोर सांगितलं. तिचं लग्न महिन्यावर आलं होतं, आणि हॉल रद्द करून ते आमच्या बागेत करायचा हट्ट माझाच. आठच दिवसांत हिरवळीचं पायपुसणं झालं. ताईने बोलणं टाकलं. बाबा गेट रंगवत होते. हिरव्या रंगाच्या डब्यात ब्रश बुडवत म्हणाले, "मिशी कुठून आणायची?"

संतापून मी नर्सरीला फोन केला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी पाणी मारत होते. गेटवर एक उंच माणूस. डोळे मिस्कील, आणि थेट माझ्यावर.

"हिरवळ बघायला आलोय."

हिरवळ! कट्ट्यावर बसून पोरं कुठली हिरवळ बघतात, ते मला चांगलं माहीत होतं. मी पाइप सरळ त्याच्या तोंडावर धरला.

"अहो — थांबा — नर्सरी —"

"नर्सरीतल्या पोरासारखंच वागताय!"

"नर्सरीतून आलोय! तुम्हीच बोलावलंत!"

निथळत तो आत आला. खाली वाकून बघितलं. "बारा वाजता पाणी घालता?"

"मग? तहान तेव्हाच लागते!"

"हे गवताला नाही, उन्हाला पाजताय. आणि हा चमनगोटा कुणी केला?"

"मी! नीटनेटकं दिसावं म्हणून!"

"चार बोटं वाढू द्या, मुळांना सावली मिळेल. रोज शिंतोडे नकोत. तीन-चार दिवसांनी एकदा, सकाळी लवकर, खोल भिजेल असं घाला. मी येईन बघायला."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्या पाइपवर नाही."

पाणी तीन-चार दिवसांनी होतं. हा मात्र रोज सहाला हजर.

"आज पाणी नाहीये!" मी ओरडायचे.

"माहितीय... मुळं बघतो."

मला भयंकर राग यायचा. त्याहून राग याचा, की पावणेसहालाच माझी वेणी घालून झालेली असायची.

लग्नाच्या सकाळी बाग हिरवीगार. कालपर्यंत पिवळा असलेला कोपरासुद्धा! आम्ही तिथेच बसलो.

"खरं सांगू?" तो गवताकडे बघत म्हणाला. "मी रोज... हिरवळ बघायलाच यायचो."

"कुठली?" मी गुरगुरले.

"जिच्या हातून भिजलो... ती."

"मग इतके दिवस मूग गिळून का बसला होतास, मेल्या? आधी बोलायला काय झालं होतं?"

"तुमच्या हातात पाइप होता ना!"

रागारागाने मी त्याचा हात धरला. त्यानेही सोडला नाही. तेवढ्यात ताईने फोटोसाठी हाक मारली, तीही तीन आठवड्यांनी पहिल्यांदा माझं नाव घेऊन. आम्ही उठलो.

कोपरा बाबांनी उजाडताच गेटच्या रंगाने रंगवला होता. तो वाळला नव्हता. लग्नाच्या सगळ्या फोटोंत आम्ही दोघं भिंतीला पाठ लावून उभे आहोत.