मलई रंगाची भिंत

फोटोच्या कागदाला दोन बाजू असतात हे मला म्हातारपणी कळलं. एक चकचकीत, एक मुकी. मुक्या बाजूवर छापलं की शाई फुटते आणि माणूस पाण्यातून काढल्यासारखा दिसतो. दुकानदारानं हे सांगितलं नव्हतं. मी कागद घेतला, घरी आलो, पहिलाच कागद उलटा घातला आणि वाया घालवला. इथून सुरुवात झाली म्हणून इथूनच सांगतो. भुताखेताचं लोक अंधारातून सांगायला लागतात. माझं सगळं दिवसाउजेडी झालं. रंग काही अंधारात कळत नाही.

मी रंगारी. घरं रंगवली जन्मभर. शाळा चौथीत सुटली, ब्रश गुडघे गेले तेव्हा सुटला. प्रिंटर वगैरे माझ्या पोरीचं खूळ. ती दुसऱ्या गावी नोकरी करते. तिच्या आईला, म्हणजे माझ्या बायकोला, दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी ती इथं होती. तिनं आईला खुर्चीत बसवलं, मागे आमची भिंत, आणि मोबाइलवर फोटो काढला.

"बाबा, हा छापा आणि आईच्या समोर लावा. आपण घरी आलोय हे तिला दिसत राहील."

जुना लॅपटॉप ठेवला, नवा प्रिंटर ठेवला, कुठलं बटण कधी दाबायचं ते शिकवलं आणि गेली.

दिसत राहील म्हणाली, त्याला कारण होतं. माझी बायको घरी आली होती, पण घरी आलीय हे तिला पटतच नव्हतं. सकाळी चहा पुढे केला की विचारायची, "घरून आणलात की कॅन्टीनचा?" उन्हं कलली की म्हणायची, "निघा आता. भेटायची वेळ संपली. सिस्टर ओरडतील."

"अगं, हे आपलं घर. ही भिंत मी रंगवलीय."

"हो, हो," म्हणायची. खुळ्या माणसाशी वाद नको म्हणून म्हणतात ना, तसं.

एवढंच असतं तरी चाललं असतं. पण ती जेवत नव्हती. दोन घोट चहा, कधी चमचाभर पेज. ताट पुढे केलं की हातानं सारायची. "घरी गेल्यावर जेवेन. इथलं अन्न घशाखाली उतरत नाही." डॉक्टर म्हणाले, मेंदू थकलाय, येईल ठिकाणावर. तोवर काय खाईल, ते नाही म्हणाले. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या.

म्हणून मला तो फोटो पाहिजे होता. ती आणि आमची भिंत, दोन्ही खऱ्या रंगात, एका कागदावर. मग बघू कशी नाही म्हणते.

भिंतीचा रंग मलई. डब्यातला तयार नव्हे. पांढऱ्यात पिवळा आणि नखभर तांबडा घालून मी कालवलेला. दुधावरच्या सायीसारखा करा म्हणाली होती ती, लग्न होऊन या घरात आलो तेव्हा. तेव्हापासून जितक्या वेळा घर रंगवलं तितक्या वेळा तोच.

पहिला सुलट कागद निघाला तो भिंत गुलाबी आणि बायको हळदीत बुडवलेली. पोरीला फोन लावला.

"बाबा, कागद कुठला आहे ते प्रिंटरला सांगितलंत का?"

"त्याच्या पोटात घातलाय की. त्याला कळत नाही?"

"नाही कळत. यादीतून चकचकीत निवडा. स्क्रीनचा उजेड उतरवा, तो फसवतो. आणि प्रिंटर स्वतःच्या मनानं रंग सुधारत बसतो, ते बंद करा."

"आगाऊ माणसं काय कमी होती घरात."

"आणि छापल्या छापल्या ठरवू नका. रात्रभर वाळू द्या, सकाळी खिडकीत बघा. ट्यूबखाली नाही."

हे पटलं. ओल्या भिंतीवरून रंग ठरवतो तो रंगारी कसला?

सांगितलं तसं केलं. सकाळी कागद उचलला आणि भिंतीलाच लावून बघितला. भिंत अशी उतरली होती की कागदाची कड शोधावी लागली. अंगावरची निळी शाल जशीच्या तशी. आणि बायकोचा चेहरा राखेचा.

फिका नाही. आजारी माणसाचा फिका मला ठाऊक आहे. हा विझलेल्या चुलीतला रंग. कपाळ, ओठ, कानाच्या पाळ्या, मांडीवरचे हात, सगळं राख. मी मान वळवली. ती समोर खुर्चीत बसली होती, खिडकीचं ऊन गालावर होतं आणि गाल चांगला माणसाच्या रंगाचा होता.

पडद्यावर लाल-हिरव्याची एक दांडी असते, ती सरकवायची. मी लालाकडे सरकवली. नवा कागद, नवी रात्र. सकाळी बघितलं तर चेहरा हुबेहूब. हनुवटीवरचा तीळसुद्धा तिचाच तपकिरी. पण भिंत हिरवी.

आता ऐका नीट. लाल वाढवला तर भिंतही लाल व्हायला पाहिजे. कुणाही शेंबड्याला कळेल. माझी भिंत हिरवी झाली. आणि ती हिरवी मला ओळखीची होती. बायको दवाखान्यात होती तेव्हा मी बाकड्यावर बसून वॉर्डाच्या भिंतीशिवाय दुसरं काही बघितलंच नव्हतं. मातकट हिरवा, खालून ऑइलपेंट, जिथे तिथे लांबी, भेगा बुजवायचा तो लगदा, न घासता मारलेला. कामचोरांचं काम. तेव्हाच शिव्या घातल्या होत्या मनात.

यंत्र बिघडलं असेल म्हणून शेजारच्या शिंप्याला बोलावलं. त्याच खुर्चीत बसवलं, त्याच भिंतीपुढे फोटो काढला, छापला. दुसऱ्या सकाळी बघतो तर शिंपी काळा तो काळाच आणि भिंत मलई. दोन्ही बरोबर.

"पेंटर, या वयात माझी स्थळं बघताय की काय?" फोटो बघायला आलेला शिंपी म्हणाला. मग त्याची नजर टेबलावरच्या हिरव्या फोटोवर गेली. "वहिनी छान आल्यात. हा दवाखान्यातला ना?"

"इथला आहे. याच खुर्चीतला."

"काहीतरीच. हा खालचा पट्टा बघा की."

मी चष्मा लावला. खुर्चीच्या पाठीपाशी भिंतीवर एक आडवी रेघ होती. रेघेखाली हिरवा गडद, वर फिका. वॉर्डात असतो तसा. आमच्या भिंतीवर पट्टा नाही, कधीच नव्हता. आदल्या सकाळी फोटोतही नव्हता.

शिंपी चहा न घेता गेला.

त्यानंतर मी वेड्यासारखा छापत सुटलो. दांडी केसभर इकडे, केसभर तिकडे. मध्ये कुठेतरी एक जागा असेलच ना, जिथे ती पण खरी आणि भिंत पण खरी? नव्हती. भिंत मलई आली की ती राख व्हायची. तिच्यात जीव आला की भिंत वॉर्डाची. खिडकीत दोरी बांधून कागद वाळत घातले, चिमटे लावून. एकाआड एक हिरवे आणि राखेचे. लाल शाई तळाला गेली. बायको मागून म्हणत होती, "अहो, किती दमता. घरी जाऊन पडा जरा."

शेवटी दोन फोटो तिच्यापुढे धरले. आधी मलई भिंतीचा.

तिनं बराच वेळ बघितलं. "ही... कोण?"

"तू."

"छे. ही तर गेलेली दिसते."

मग हिरवा दाखवला. तिचा चेहरा खुलला. "हां. ही मी. किती छान आलाय."

त्या दिवशी तिनं चहाही सारला.

आता माझ्या जागी असता तर काय केलं असतं तुम्ही? ती घरी यायला तयार नव्हती आणि उपाशी मरत होती. मग मी घरच तिच्याकडे न्यायचं ठरवलं. माळ्यावरचे ब्रश काढले. हिरवा आणला, त्यात काळा आणि थोडा पिवळा घालून मातकट केला. हुबेहूब. त्यात माझा हात कुणी धरणार नाही. गुडघे बोंबलत होते तरी स्टुलावर चढलो. मलईवर पहिला हात फिरवला. लांबीसुद्धा मुद्दाम घासली नाही, त्या कामचोरांसारखीच ठेवली. खाली गडद पट्टा, ऑइलपेंटचा. मध्ये दोऱ्यानं रेघ मारली.

"डोकं फिरलं काय, पेंटर?" शिंपी दारातूनच म्हणाला. आत आला नाही.

बायको मात्र खुर्चीत बसून बघत होती. रेघ पुरी झाली तशी म्हणाली, "भूक लागलीय हो."

जेवली. पोटभर जेवली. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. कुणी ऐकायला नको म्हणून नळ.

दुसऱ्या दिवशी शिंप्याला हातापाया पडून आणलं. मी तिच्या खुर्चीमागे उभा राहिलो, खांद्यावर हात ठेवला. त्यानं मोबाइलवर फोटो काढला आणि घाईनं निघून गेला. उरलीसुरली लाल शाई घालून मी तो छापला. रात्रभर वाळू दिला.

सकाळी खिडकीत धरला. तिचा चेहरा बरोबर. तीळ बरोबर. भिंत बरोबर, पट्टा बरोबर. कागद भिंतीला लावला तर कड दिसेना. साधलं होतं. मी तिला हाक मारणार, एवढ्यात खांद्यावरचा हात दिसला.

राखेचा.

हातापासून वर गेलो. मनगट, कोपर, शर्टाची बाही मात्र निळीच. गळा. चेहरा. डोळ्यांच्या बुबुळांपर्यंत... राख.

खरा हात उन्हात धरला. चांगला होता. कागदाशेजारी धरला, उलटा केला, सुलटा केला. चांगला होता. मला वाटतं, चांगला होता.

"बघू," ती म्हणाली. मी कागद दिला. "वा. छान आलाय." मग बोटानं माझ्या चेहऱ्यावरून हळूच पुसल्यासारखं केलं. "तुमचा रंग तेवढा उतरलाय. होईल बरोबर... पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं."

"कसला पहिला दिवस?"

तिनं फोटो मांडीवर ठेवला. उन्हं कलली. रोजच्यासारखं निघा म्हणेल म्हणून मी वाट बघत बसलो. आयुष्यात कुणाच्या तोंडून घराबाहेर हाकलून घ्यायची इतकी वाट बघितली नव्हती.

"आज जाऊ नका," ती म्हणाली. "शेजारची कॉट रिकामी झालीय."

मी शेजारी बघितलं. तिथे कॉट नव्हती. नुसती भिंत. पण नव्या पट्ट्यावर, कमरेच्या जरा खाली, दोन आडवे चरे होते. हे चरे कुठल्याही रंगाऱ्याला ओळखू येतात. लोखंडी कॉट भिंतीला घासून पडतात तसे. रंग अजून बोटाला चिकटत होता आणि चरे जुने होते, त्यात धूळ बसलेली.

चऱ्याखाली माझा मलई दिसायला पाहिजे होता. एकच तर हात मारला होता मी वरून. खाली हिरवा होता.

रंग काढायची पत्ती घेतली आणि खरवडलं. पापुद्रा निघाला. हिरवा. त्याच्याखाली आणखी एक, जुना, फुगलेला. हिरवाच. दुसऱ्या कोपऱ्यात खरवडलं, मग खिडकीखाली, दाराच्या चौकटीमागे, जिथे रोलर कधी पोचत नाही आणि पहिला रंग तसाच राहतो. तिथेही हिरवाच.

पोरीचा फोन वाजतोय. तिला काय सांगू, कुठे ये म्हणून?

"हळू... सिस्टर ओरडतील," बायको म्हणते.

मी अजून खरवडतोय. मलई लागला की थांबेन.