पट्टीवरची मरळ

पतिराम दिघोरे रोज दुपारी काठाला लागला की त्याची नाव त्याला विचारायची, "काका, आज काय गावलं?"

नाव म्हणजे एका माणसापुरती, निमुळती, प्लास्टिकची कयाक. नऊ वर्षांपूर्वी जलनियोजन कक्षानं खैरीबांधच्या बावीस ढिवरांना, म्हणजे मासेमारांना, अशा नावा वाटल्या आणि गावानं पहिल्याच दिवशी त्यांचं नाव 'शेंग' ठेवून टाकलं. शेंगेच्या पोटात एक यंत्र होतं. ते पाण्याचं तापमान, खोली, विरघळलेला प्राणवायू मोजायचं आणि माणसाशी फार गोड बोलायचं. या साऱ्या नोंदींतून कक्षाच्या संगणकात गावच्या बोडीची, म्हणजे तळ्याची, आकड्यांची हुबेहूब प्रत तयार झाली होती. तिला 'जुळी बोडी' म्हणत. खऱ्या बोडीत काय करायचं ते हल्ली जुळीला विचारून ठरे.

उघड्या पाण्यातले रोहू-कतला यंत्राला बरोबर दिसत. मात्र कमळाच्या देठांत आणि चिखलात दडलेली मरळ त्याला दिसत नसे, कारण त्याच्या ध्वनिलहरी त्या गुंत्यात अडकून पडत. म्हणून तर ते विचारायचं.

आणि ढिवर काय सांगणार? पाण्यावरून येणाऱ्यानं काय मिळालं ते खरं सांगू नये, ही तिथली आज्या-पणज्यापासूनची रीत. टोपलीत तीन किलोची मरळ धडपडत असली तरी तोंडानं "काई नाई जी, हात धुऊन आलो" एवढंच म्हणायचं. विचारणारा टोपलीकडे बघून मान डोलावतो. त्यात कुणाला खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. यंत्राला मात्र टोपलीकडे बघायची अक्कल कुणी दिली नव्हती. मासा मोजायला शेंगेत पायांच्या मध्ये एक पट्टी बसवलेली होती, पण तिच्यावर सगळे भाकरीचा डबा ठेवत.

नऊ वर्षांत बोडीच्या कमळांनी भरलेल्या कोपऱ्याबद्दल, कमळकोपऱ्याबद्दल, सहा हजारांवर उत्तरं जमली. सगळी एकच. जुळी बोडीनं त्यावरून निकाल दिला: कोपरा निर्जीव. भाद्रपद सरता सरता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नोटीस लागली. कोपऱ्यातला गाळ उपसायचा आणि वर सौरपट्ट्या तरंगत्या ठेवायच्या. उपसणारं यंत्र उद्या सकाळी येणार होतं. हरकत घ्यायला मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत.

पतिरामला हे कळलं ते दुपारी तीनला. वैशाखात बाकी बोडी तापते तेव्हा मरळ त्याच कोपऱ्यात तग धरते आणि पावसाळ्यात तिथंच पिलं काढते. कोपरा गेला की बोडीतली मरळ संपली. आणि हे नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं तर नव्हतंच नव्हतं.

कक्षाची इंजिनियर केतकी आगलावे काठावर खुणेचे झेंडे रोवत होती. पतिराम तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"मॅडम, मी लबाड बोललो जी. त्या कोपऱ्यात मरळ हाये. लय हाये."

केतकीनं हातातला झेंडा खाली ठेवला. "काका, नऊ वर्षं?"

"रीत हाये आमची. पण यंत्र खरं समजून लिहून घेईल, हे कोनाले मालूम?"

तिला हसू आलं आणि लगेच स्वतःचाच रागही आला, कारण यंत्राला बोलायला शिकवणाऱ्यांत तीही होती. "नोटीस लागल्यावरचं तोंडी म्हणणं जुळी धरत नाही," ती म्हणाली. "तिला वाटतं, आता तुम्ही कोपरा वाचवायला बोलताय. एकच वाट आहे. पाचच्या आत, त्याच कोपऱ्यात, गळानं मासा काढून पट्टीवर ठेवायचा. नव्वद सेकंद, न हलता."

"मंग चला," पतिराम म्हणाला. त्यानं शेंग पाण्यात लोटली.

दोघं दोन शेंगांत निघाले. बांधाखाली धान निसवत होतं आणि उन्हात वारा म्हणून नव्हता. पतिरामनं गळाला रबरी बेडूक लावला आणि कमळाच्या पानांवरून तो उड्या मारवत ओढायला लागला. एकदा, दहादा, चाळीसदा. सवा चार झाले. मरळ हवा घ्यायला वर येऊन 'चुळुक' करून जात होती, पण बेडकाला तोंड लावत नव्हती. पतिराम कधी न देणाऱ्या शिव्या देऊ लागला, मरळीला आणि मग स्वतःला.

"काका, तिकडं पाऊस पडल्यासारखं पाणी नाचतंय," केतकी म्हणाली.

पतिरामनं बघितलं आणि गळाची काठी खाली घेतली. दोन पानांच्या मध्ये लालभडक पिलांचा थवा वरखाली होत होता. शेकडो पिलं, एकेक बोटाच्या पेराएवढी. खाली कुठंतरी काळी सावली फिरत होती.

"इथं टाका ना!"

"पिलावरची हाये ते. पिलं राखते. तिच्यापुढं काईबी टाका, ते खाऊन टाकते. पन तिले उचलत नाई आमी. ते बाजूले झाली का शिंगट्या मासोया पाच मिन्टात थवा साफ करतेत."

केतकीनं घड्याळ बघितलं. चार चाळीस. बोलायचा अधिकार आपल्याला नाही, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

पतिराम थव्याकडे बघत राहिला. एक थवा गेला तर पुढच्या साली दुसरा होईल. कोपराच गेला तर कुठल्याच साली काही नाही. हिशेब सोपा होता, आणि तरी त्याचा हात उठेना. शेवटी त्यानं बेडूक थव्याच्या कडेला टाकला तेव्हा त्यानं डोळे मिटले होते.

पाणी फुटलं. शेंग गर्रकन फिरली. मरळ देठांत शिरू बघत होती. त्यानं एका हातानं काठी आणि दुसऱ्या हातानं देठ धरून तिला वर ओढलं. हातभर लांब, काळी, जाड. पट्टीवर ठेवताच ती उसळली.

"मासा हलला. पुन्हा सुरुवात करा, काका," शेंग गोड आवाजात म्हणाली.

त्यानं ओल्या गमछ्यानं तिचे डोळे झाकले. चाळीस सेकंद. शेपटी आपटली. पुन्हा सुरुवात. मागं पाण्यात 'टप टप' आवाज सुरू झाला होता. केतकी वल्ह्यानं पाणी बडवत शिंगट्यांना हाकत होती, पण त्या खालून येत होत्या. एक ढोकरी बगळीही पानावर येऊन उतरली.

"काका, सोडायची का? पिलं कमी होतायत!"

"नाई!" पतिराम ओरडला. तो मरळीवर जवळजवळ पालथा पडला होता आणि रडत होता. "मोज ना बे! मोज लवकर!"

चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी शेंग म्हणाली, "अभिनंदन, काका. नोंद झाली. मरळ, एकावन्न सेंटिमीटर. कमळकोपरा सजीव आहे. उद्याचं काम थांबवलं आहे."

पतिरामनं गळ काढला आणि मरळ पाण्यात सोडली. ती सरळ त्या दोन पानांच्या मध्ये गेली. तिथं एक चक्कर मारली, मग आणखी एक. पाणी अगदी शांत होतं. ती फिरतच राहिली.

"वाचला कोपरा," केतकी हळूच म्हणाली. तिच्या कपाळावर चिखल उडाला होता. "काका, वाचला हो."

शेंगेचं बोलणं संपलं नव्हतं. "जुन्या सहा हजार नोंदींपुढे आजची नोंद एकच आहे. म्हणून सजीवता टिकवण्यासाठी दर सोमवारी या कोपऱ्यातले तीन मासे पट्टीवर ठेवावेत. एखादा सोमवार चुकल्यास कोपरा पुन्हा निर्जीव धरला जाईल. कळलं का, काका?"

पतिरामनं पाण्यातल्या त्या फिरत्या सावलीकडे बघितलं. मग त्यानं केतकीकडे तोंड केलं.

"मॅडम, तुमीच शिकवलं ना याले बोलाले? मंग तुमीच विचारा. पानी जितं हाये हे पटवाले याले आनखी किती मारून दाखवा लागते?"