पौर्णिमेला जोडलेले वूफर

“आधी बॅटरीची काळी वायर सोडायची, प्रिया. मगच गाडीला हात लावायचा. गिऱ्हाईक किती का घाई करंना.”

नरसिंगमामाने मला दुकानातलं काम शिकवलं, तेव्हाचं हे वाक्य. बॉनेट उघडलं की अजून ते कानात वाजतं. त्या सकाळीही वाजलं, पण हात मात्र अधांतरी थांबला. गाडीच्या मालकाच्या भुवईवर कापसाचं एक इवलंसं पीस अडकलं होतं... ते त्याला सांगावं की नाही, हेच मला ठरवता येईना.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“काही न्हाई. तेवढा पाना द्या.”

पाना माझ्याच हातात होता.

तो आदर्श. हदगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर. नांदेडला वर्कशॉप कॉर्नरजवळ मामाचं गाडीच्या साउंडचं दुकान आहे, तिथे तो विचारत विचारत आला होता. त्याच्या डिकीत चुलतभावाने दोन वूफर, म्हणजे ठोक्याचे मोठे स्पीकर, आणि एक ॲम्प्लिफायर बसवून दिला होता, आणि आवाज जरा वाढवला की ॲम्प लाल दिवा लावून गप्प बसत होता.

“एवढा दणका कशाला लागतोय?” मी विचारलं. “वराती काढता का?”

“आईसाठी हाय,” तो म्हणाला. “जिनिंगच्या मशीनीपाशी उभी राहून तिचे कान गेले. पहिले लई गायची... भीमजयंतीला अख्खी वस्ती तिच्यामागं गायची. आता चार माणसांत बसतच न्हाई. पण परवा दारावरून डीजे गेला, तवा भिंतीला हात लावून उभी राहिली. अन् हसली.”

मी डिकीत वाकले.

चूक लगेच दिसली. प्रत्येक वूफरमध्ये चार-चार ओहमच्या दोन कॉइल, आणि भावाने त्या सगळ्या शेजारी शेजारी, म्हणजे पॅरलल, जोडून टाकल्या होत्या. तसं केलं की भार एका ओहमवर येतो, आणि हा ॲम्प दोन ओहमच्या खाली चालणारा नव्हता. नशीब एवढंच की ताकदीचं माप बरोबर होतं. खोक्यावर छापलेल्या मोठ्या आकड्याला भुलायचं नसतं, सतत झेपते ती ताकद बघायची. ॲम्प चार ओहमवर जेवढी देत होता, तेवढी दोन्ही वूफर मिळून आरामात पेलत होते.

मी एकेका वूफरच्या दोन कॉइल एकामागे एक जोडल्या, तेव्हा आठ ओहम झाले. मग दोन्ही वूफर शेजारी शेजारी जोडले. चार ओहम. मीटरने तपासलं, मग रिमोटमधला सेल काढून वूफरच्या तारांना क्षणभर टेकवला. पडदा टुणकन बाहेर आला. दुसऱ्याला टेकवला, तर त्याचा आत गेला.

“ह्याच्या प्लस-मायनस उलट्या लागल्यात,” मी म्हटलं. “एक पुढं ढकलतोय, दुसरा मागं ओढतोय. एकमेकांचा ठोका मारून टाकतात.”

“म्हणजे नवरा-बायकोसारखं?”

“मला काय ठाऊक? माझं लग्न न्हाई झालं.”

“माझं बी न्हाई,” तो घाईघाईने म्हणाला... आणि कानापर्यंत लाल झाला.

उलटी वायर सुलटी केली. काळी वायर पुन्हा बॅटरीला लावली.

“आता लावा की गाणं.”

“तुम्ही हदगावला जाऊन लावा. आज पौर्णिमा आहे. पौर्णिमा-अष्टमीला मी उपोसथाचा उपास धरून बुद्धाचं अष्टशील पाळते. नाच-गाणं-वाजवणं वर्ज्य.”

त्याने माझ्या पांढऱ्या साडीकडे पाहिलं, मग दुकानभर लटकलेल्या स्पीकरांकडे. “साउंडच्या दुकानात?” तो हसला.

लातूरहून मला बघायला आलेला मुलगाही असाच हसला होता. ‘लग्नानंतर हे बंद करावं लागंल’ असं त्याच्या घरच्यांनी सांगितलं, आणि मी नकार दिला. तेव्हापासून कुणी हसलं, की माझं मन आपोआप दार लावून घेतं. तसंच लावून घेतलं. आदर्श मात्र हळूच म्हणाला, “मग गाणं न लावता तुम्ही एवढं जुळवलं? कमाल हाय.”

दाराला जरा फट राहिली.

नंतर तो येतच राहिला. कधी वायर सुटली म्हणून, कधी फ्यूज ढिला झाला म्हणून.

“आदर्शजी, वायर आपोआप नसती सुटत. कुणीतरी सोडून राहिलंय.”

“कोण असंल बरं?” तो आभाळाकडे बघायचा. मामा पेपरामागे खोकायचा.

आणि मग एके दिवशी तो आईलाच घेऊन आला. सरजाबाई मागच्या सीटवर बसल्या होत्या. आदर्शचा चेहरा फुलला होता.

“आईला तुम्हाला दाखवायचंय, ठोका कसा कळतो ते. तिच्या शेजारी बसा. तिचंच जुनं गाणं लावतो. एकच...”

त्या दिवशी अष्टमी होती. तो विसरला होता.

‘हो’ म्हटलं तर शील मोडतं. ‘नाही’ म्हटलं तर कान गेलेल्या माउलीचा आनंद मोडतो, आणि बहुतेक हे येणं-जाणंही संपतं. लातूरच्या मुलाला नकार देताना मला काहीच वाटलं नव्हतं. आज वाटत होतं.

“आज नाही जमायचं,” मी म्हटलं.

आदर्शचा हात बटणावरच थांबला. तेवढ्यात सरजाबाई मुलाच्या कानाशी वाकल्या आणि कुजबुजल्या. म्हणजे त्यांना वाटलं, आपण कुजबुजलो...

“हीच का रं ती? जिच्यापायी तू रोज वायरी उपटून राहिला?”

अख्ख्या वर्कशॉप कॉर्नरने ऐकलं. समोरचा पंक्चरवाला उठून उभा राहिला. मामाच्या हातून पेपर पडला.

“आई!” आदर्शने तोंड झाकून घेतलं. मग बोटांच्या फटीतून माझ्याकडे बघत म्हणाला, “हाव. खरं हाय ते.”

सरजाबाई मला निरखत होत्या. त्यांची नजर माझ्या साडीवर थांबली.

“पांढरं नेसलीस? अष्टमी न्हवं का आज?” त्यांनी मुलाच्या पाठीत धपाटा घातला. “अन् तू हिला गाणं ऐकवून राहिला? माझी माय बी धरायची उपोसथ. बाई, शील नगं मोडू. मी काय पळून चाल्ले?”

माझे डोळे भरून आले. आदर्श खाली मान घालून म्हणाला, “चुकलो. ह्या दिवशी आपल्या... म्हणजे माझ्या गाडीत गाणं लागणार न्हाई. कधीच.”

“आपल्याच म्हणा,” मी म्हटलं. इतक्या हळू, की ते फक्त त्यालाच ऐकू गेलं.

सरजाबाईंना ऐकू जाणार नव्हतं, म्हणून मी त्यांचा हात हातात घेतला, उगवतीकडे बोट दाखवलं, मग त्यांच्या गावाच्या वाटेकडे, मग स्वतःकडे. त्यांना कळलं.

“उद्या येतीस? बसू दोघी,” त्या ओरडल्या. “मी गाऊन दाखविते.”

दुसऱ्या दिवशी पहाटे वंदना केली, उपोसथ सोडला. पांढरी साडी धुऊन दोरीवर टाकली आणि निळी नेसले.

“मामा, हदगावला जाऊन येते. त्यांच्या आईला शब्द दिलाय.”

“जा,” मामा म्हणाला. “सांजच्या वंदनेला ये म्हंजे झालं.”

मी चपला घातल्या, दार हलकेच ओढून घेतलं, आणि बसस्टँडच्या वाटेला लागले.