उजव्या खिडकीचा व्हिडिओ

सुप्रीतानं तो व्हिडिओ पुन्हा सुरू केला आणि पुन्हा तिच्या हाती काही लागलं नाही.

विमान मैसूरच्या धावपट्टीवर उतरत होतं. समोरच्या काचेवर मावळत्या सूर्याची तिरीप. डाव्या हाताला चामुंडीचा डोंगर. चित्राच्या उजव्या कडेला कॉकपिटच्या खिडकीची जाड चौकट. मूळ आवाज काढून गाणं घातलेलं. धावपट्टीवर रंगवलेला मोठा आकडा मुद्दाम पुसट केलेला. मग विमान जोरात आपटतं. बाहेरची जमीन उसळते, खिडकीची चौकट मात्र चित्रात जागची हलत नाही. खाली ओळ : 'आमचं मैसूर!' खात्यावर कुणाचं नाव नव्हतं.

दहा हजार फुटांखाली कॉकपिटमध्ये उड्डाणाच्या कामाखेरीज काही करायचं नाही, अवांतर बोलायचंसुद्धा नाही, असा नियम. चित्रीकरण तर लांबच.

सुप्रीता कंपनीची मैसूर विमानतळावरची सुरक्षा अधिकारी. कंपनीचं मैसूरला एकच विमान यायचं, संध्याकाळचं. ते आपटल्याची नोंद होती, त्यावरून उड्डाण सापडलं. पण व्हिडिओ पसरेपर्यंत कॉकपिटमधल्या आवाजाची नोंद नेहमीप्रमाणे आपोआप पुसली गेली होती. त्या दिवशी आत तिघं होती. तिघांनी फोन तपासायला दिले होते. तिन्ही स्वच्छ.

बेंगळुरूहून साहेबांचा, तिरुमलरावांचा फोन सकाळपासून सारखा वाजत होता.

"चौकट उजवीकडे दिसते, म्हणजे कॅमेरा उजव्या सीटवर. उजवीकडे सहवैमानिक बसते. कॅप्टनचे हात विमान उतरवण्यात गुंतलेले. आणखी काय शोधतेयस? आज रिपोर्ट दे."

"सर, खात्री झाल्याशिवाय..."

फोन बंद झाला होता. सुप्रीतानं तो टेबलावर आपटला.

सहवैमानिक अन्विता समोर येऊन बसली. इथंच बोगादी भागात राहणारी, जुन्या मैसुरी मराठी घरातली पोर. आठवडाभर तिला विमानात पाऊल ठेवू दिलं नव्हतं. डोळे सुजलेले, पण आवाजात राग.

"व्हिडिओ तू काढलास?"

"नाही. कितीदा सांगू?"

"दुसऱ्या कुणी काढताना पाहिलंस?"

"कुणाच्या हातात फोन नव्हता, मॅडम. तेच तर मला कळेना!"

"उतरताना काय झालं?"

"बिसिलु... ऊन सरळ डोळ्यांत. मी काळा चष्मा लावला. वेग वाढला होता. मी 'स्पीड' म्हटलं. सर बोलले नाहीत. परत म्हटलं. तिसऱ्यांदा मी ओरडले, तेव्हा त्यांनी ऐकलं. तोवर आपटलंच."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं! तुमच्या चौकशी कमिटीनं लिहून घेतलं नाही. म्हणाले, स्वतःची चूक झाकायला सरांवर ढकलतेस."

त्या कमिटीच्या कागदांवर सुप्रीताचीही सही होती.

पुढचा शरत. कंपनीचा इंजिनिअर. त्या दिवशी दोन्ही वैमानिकांच्या मागच्या जादा सीटवर बसून घरी आला होता. रील काढण्याचा शौकीन म्हणून सगळ्यांचा त्याच्यावर संशय.

"अय्यो मॅडम, मी सुम्ने, नुसता बसलो होतो. उगीच माझं नाव."

"तुझ्या सीटवरून काय दिसतं?"

"दोघांची डोकी. मधली सगळी बटणं. बाजूची खिडकी कुठली दिसायला?"

खरंच होतं. व्हिडिओत ना डोकी, ना बटणं.

"विमान कुठून आलं?"

"पूर्वेकडून, बन्नूरच्या बाजूनं. खाली नुसता ऊस."

"समोर कुणाच्या हातात काही होतं?"

"इल्ला मॅडम. काही नाही. खिडक्यांना नकाशांचे टॅबलेट, रोजच्यासारखे."

कॅप्टन विश्वजीत पुण्याचे, चाळिशीतले, रुबाबदार. दुपारी येतो म्हणाले आणि संध्याकाळ झाली. आल्याबरोबर घड्याळ बघितलं.

"हे बघा, मॅडम, मी विमान उतरवत होतो. फोन कसा धरणार? पोरगी नवीन आहे. समज द्या आणि विषय संपवा."

"ती दोनदा 'स्पीड' म्हणाली होती?"

"आठवत नाही."

"काही आठवतं?"

"तुम्ही माझी चौकशी करताय?"

सुप्रीता उठून बाहेर आली. डोकं भणभणत होतं. प्रत्येकाचं बोलणं खरं वाटत होतं, आणि ते एकमेकांशी जुळत नव्हतं.

तेवढ्यात संध्याकाळचं विमान आलं. बन्नूरच्या बाजूनं, सूर्याकडे नाक करून. ती बघत राहिली. मनातल्या मनात वैमानिकाच्या जागी जाऊन बसली. समोर सूर्य. आणि डोंगर...

जन्म याच गावात गेला तिचा. कपाळावर हात मारून, बाहेर थांबलेल्या अन्विता आणि शरतला घेऊन ती आत धावली.

"तिघंही बसा," ती म्हणाली. "कॅप्टन, तुम्हीसुद्धा."

तिनं व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला आणि थांबवला.

"विमान संध्याकाळी आलं. सूर्य समोर आहे, म्हणजे तोंड पश्चिमेला. शरत, पश्चिमेकडे तोंड करून इथं उतरताना चामुंडी कुठल्या हाताला?"

शरतनं हात उचलला. उजवा. मग पडद्याकडे बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"व्हिडिओत डोंगर डावीकडे आहे," सुप्रीता म्हणाली. "डोंगर जागा बदलत नाही. व्हिडिओ आरशासारखा उलटा केलाय. म्हणूनच धावपट्टीवरचा आकडा पुसला. विमानतळ लपवायचा म्हणावं, तर खाली 'मैसूर' लिहिलंय! आकडा उलटा दिसला असता, म्हणून पुसला."

तिनं एक बटण दाबलं. चित्र फिरलं. डोंगर उजवीकडे गेला. खिडकीची चौकट डावीकडे आली.

"डावी सीट. सरांची," अन्विता पुटपुटली.

कॅप्टन हसले. "ठीक. पण माझे हात कामात होते. हे मी मघाशीच सांगितलं."

"हातात धरलेला कॅमेरा असता, तर विमान आपटताना चौकट चित्रात इकडेतिकडे झाली असती. ती हलत नाही. कॅमेरा खिडकीलाच पक्का होता. फोन लावला असता तर या दोघांना दिसला असता. पण जी वस्तू तिथं रोज असते, तिच्याकडे कोण बघतो? आम्ही फोन गोळा केले, कॅप्टन. नकाशांच्या टॅबलेटलाही कॅमेरा असतो."

कॅप्टनचा हात बॅगेवर गेला.

"तो चालू करायला, चित्र नीट येतंय का पाहायला तुमची नजर डावीकडे गेली. त्याच वेळी ही पोर 'स्पीड' म्हणत होती. टॅबलेट द्या."

"त्यात कंपनीचे नकाशे..."

"मी कंपनीचीच आहे. द्या."

विश्वजीतनी बॅग उघडली, पण टॅबलेट हातातून सोडवेना. शेवटी तो टेबलावर ठेवला.

"लाखभर लोक बघतात ते खातं," ते हळू आवाजात म्हणाले. "कुठल्या सीटवरून काढलं ते कळू नये, म्हणून मी नेहमीच उलटं करून टाकतो. तिला अडकवायचं नव्हतं."

"पण अडकली तेव्हा गप्प राहिलात."

टॅबलेटमधल्या पुसलेल्या फायलींत मूळ व्हिडिओ निघाला. त्यात आवाज शाबूत होता. 'स्पीड', अन्विता म्हणत होती. परत, 'स्पीड'. आणि मग तिसऱ्यांदा, ओरडून.

सुप्रीतानं साहेबांना फोन लावला. सगळं ऐकून तिरुमलरावांनी आवाज खाली आणला.

"सीनियर माणूस आहे गं. शब्द जरा सौम्य ठेव. 'कॉकपिटमधून चित्रीकरण झालं' एवढं पुरे. नाव नको."

"सकाळी अन्विताचं नाव चाललं असतं, सर."

"तसं नव्हे..."

"रिपोर्ट गेला, सर. नावासकट. विमान-नियामकांनाही प्रत गेली."

ती बाहेर आली. अन्विता पायरीवर उभी होती. आभार मानायला नव्हे.

"मग उद्या मी उडणार?"

"उद्या नाही. बंदी उठायला कमिटीची बैठक लागते. त्यांची तारीख अजून..."

"चुकी त्यांची, आणि बसणार मीच?" तिचा आवाज फाटला. "मग सगळं शोधून काय उपयोग झाला, मॅडम?"

सुप्रीतानं तिथंच पायरीवर बसकण मारली आणि कमिटीतल्या पहिल्या माणसाला फोन लावला. त्यानं तो कापला. तिनं दुसऱ्याला लावला.