कोठीत भरलेली फिल्म

ही घटना खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, मी भांडायला येणार नाही. मी वीज मंडळात नोकरी केलेला माणूस. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची टपरीवर सगळ्यांत जास्त टर कोण उडवायचं? मीच.

पण ही माझ्याच बाबतीत घडली.

आणि रात्री नाही… भर दुपारी.

१९८३ साल. दिवाळी तोंडावर आलेली. नागपुरात महालमध्ये आमचं घर. बाबा गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला. शेती कुहीला, तिथून वर्षाचा तांदूळ यायचा. नवा तांदूळ यायच्या आधी पत्र्याची मोठी कोठी रिकामी करायची, धुऊन उन्हात वाळवायची आणि मागच्या खोलीत उभी करायची, ही घरची रीत. कोठी माझ्या छातीइतकी उंच. वर गोल झाकण. खाली तांदूळ काढायला मूठभर तोंड.

माझा मोठा भाऊ चंद्रभान. त्याला नाना नाद. त्या वर्षीचा नाद झटपट फोटोचा. कुणाकडून तरी त्याने जुना घडीचा कॅमेरा मिळवला होता. बटण दाबलं की फोटोच बाहेर. पण त्याची फिल्म नागपुरात मिळेना. शेवटी शेजारच्यांच्या जावयाने दुबईहून फिल्मची डबी आणून दिली, ती निघाली दुसऱ्याच कॅमेऱ्याची.

बसेचना.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. दादा कसला बसतो!

"सोपं हाये," तो म्हणाला. "नव्या डबीतले कागद काढायचे, कॅमेऱ्याच्या जुन्या रिकाम्या डबीत भरायचे. फक्त उजेड लागू द्यायचा नाही. पौर्णिमेले रामटेकच्या यात्रेत लोकायले उभ्या उभ्या फोटो काढून देतो का नाही, पाहाजो!"

"अन् एवढा अंधार आणतं कुठून?"

त्याने कोठीकडे पाहिलं.

मग माझ्याकडे.

दादाचं पोट काही त्या कोठीत मावणारं नव्हतं. मी तेव्हा काडीपैलवान. नाही नाही म्हणत शेवटी उतरलोच.

दोन्ही डब्या घेऊन मी आत मांडी घातली. खालच्या तोंडात दादाने चिंध्यांचा बोळा ठासला. वर झाकण लावलं, झाकणावर गोधडी टाकली. एवढ्याने भागेना म्हणून स्टूल लावून स्वतःच वर चढून बसला.

"झालं का हाक मार. तोवर मी उठत नाही."

अंधार काय असतो ते मला त्या दिवशी कळलं. आपले डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे बोट लावून पाहावं लागत होतं. तांदळाच्या कोंड्याचा वास. कडुलिंबाच्या पाल्याचा वास. बाहेर सुभद्रावहिनी भांडी घासत होती, रेडिओ चालू होता. ते ऐकत मी नवी डबी फोडली आणि कागद एकेक करून मांडीवर घेतले.

मग जुनी डबी घ्यायला हात फिरवला.

सापडेना.

डावीकडे नाही. उजवीकडे नाही. पाठीमागेही नाही.

आणि मग… ती माझ्या हातात आली.

सापडली नाही. आली. कुणीतरी तळहातावर ठेवावी तशी.

"बरं झालं दादा," मी म्हणालो. म्हणून गेलो आणि मग लक्षात आलं. दादाने दिली असती तर झाकण उघडलं असतं. झाकण उघडलं असतं तर उजेड आला असता.

मी हलायचा थांबलो.

भांड्यांचा आवाज बंद झाला होता. रेडिओही ऐकू येत नव्हता. फक्त श्वास ऐकू येत होता. मी माझा श्वास रोखला…

तो चालूच राहिला.

डबी माझ्या हातातून गळून पडली. थोड्या वेळाने मांडीवरचा एक कागद हळूच उचलला गेला.

खट्.

कागद डबीत बसल्याचा आवाज. मग दुसरा. मग तिसरा. कुणीतरी माझं काम करत होतं. अगदी निवांत.

मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "दादा, उघड!"

वरून दादा म्हणाला, "बरं बरं, नाही उघडत."

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी दोन्ही हातांनी झाकण ढकललं. पत्र्यावर मुठी आपटल्या. झाकण तसूभर हललं नाही.

"हो गा," दादाचा आवाज आला. "सावकाश कर ना. मले काही घाई नाही."

तो मला उत्तर देत नव्हता.

तो दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत होता… आणि त्याला वाटत होतं, तो मीच आहे.

आता खरी भीती वाटली. मरणाची भीती. हवा कोंदट झाली होती, दम कोंडत होता. पाय लांब करायला जागा नव्हती, आणि जी थोडी होती तिकडे पाय न्यायची हिंमत नव्हती. मी आईला हाका मारल्या. आई जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती.

"हसून काहून राहिला रे?" वरून दादा.

मी हसत नव्हतो. मी रडत होतो.

मग मला तो बोळा आठवला. पत्र्यावरून चाचपत खाली गेलो. चिंधी लागली. गच्च बसलेली. नखं तुटेपर्यंत ढकलली तेव्हा कुठे बोळा बाहेर पडला आणि उजेडाची तिरीप आत आली. फिल्म गेली तर गेली खड्ड्यात!

त्या उजेडात मला पाय दिसले. फक्त माझेच.

समोर जुनी डबी होती. सगळे कागद नीट भरलेले.

मी बोटं बाहेर काढून हलवत राहिलो. तेवढ्यात वहिनीची किंकाळी ऐकू आली.

"अवो, उठा ना! भाऊजीच्या बोटातून रक्त निघून राहिलं!"

दादाने उडी मारून झाकण फेकलं, काखेत हात घालून मला ओढलं. मी फरशीवर येऊन पडलो.

"अरे पण तूच तर म्हणत होता," दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "'अजून नाही दादा, अजून नको उघडू.' चांगला हसत होता ना गा!"

"मी उघड म्हणून बोंबलत होतो! पत्रा बडवत होतो!"

"मले थाप पण नाही ऐकू आली."

वहिनीने झाकण उचललं आणि घाईघाईने कोठीवर टाकलं.

आणि मग… आतून आवाज आला.

"दादा, झालं. आता उघड."

माझा आवाज.

मी फरशीवर होतो. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. माझं तोंड बंद होतं.

संध्याकाळी बाबा आले, त्यांनी कोठी उघडली. आत डब्यांशिवाय काही नव्हतं. "फेका ते सगळं," बाबा म्हणाले. पण दादाचा हट्ट. दुसऱ्या दिवशी मला अंगणात उभं करून त्याने एक फोटो काढलाच.

उजेड लागलेली फिल्म. फोटो पांढरा निघायला हवा होता. आधी पांढराच होता. मग हळूहळू पत्र्याचे सांधे उमटले. गोल भिंत उमटली. आणि तळाशी मांडी घालून बसलेला मी… मान वर करून झाकणाकडे बघणारा. अंगात आदल्या दिवशीचा सदरा.

दादाने फोटो चुलीत घातला. पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाही. कोठी बाबांनी भंगारात दिली. ती तोडली, की कुणी धान्य भरायला घेऊन गेलं, हे आम्ही कधी विचारलं नाही.

वहिनी मी बोलायला लागलो की आजही आधी माझ्या ओठांकडे बघते.

गेल्या वर्षी दादा शेवटच्या आजारात होता. मी उशाशी बसलो होतो. बराच वेळ तो माझ्याकडे टक लावून पाहत राहिला.

"रविंद्र, एक खरं सांगशील? मी ओढून काढला… तो तूच होता ना?"

मला त्याची दया आली. मी त्याचा हात हातात घेतला. "हो दादा. मीच होतो."

त्याने हळूच हात सोडवून घेतला.

"त्यानंही हेच सांगतलं असतं," तो म्हणाला.